हात लावून बघा

लिलावापेक्षा मला लिलावाचा आदला दिवस आवडतो. इंग्लंडातल्या कुठल्याही मध्यम गावात एखादं तरी लिलावघर असतं, बहुतेक वेळा रेल्वे स्टेशनामागच्या गोदामात, टायरवाला आणि फरशीवाला यांच्या मधोमध. आदल्या दिवशी ते सगळ्यांना खुलं असतं. तिकीट नाही, कुणी नाव विचारत नाही. आत शिसवी कपाटं, पेंढा भरलेला कोल्हा, कुणाच्या तरी आजोबांच्या गोल्फच्या काठ्या, पदकं, चांदीचे चमचे, आणि एका भिंतीला कुलूप लावलेली काचेची कपाटं. 'ते जरा दाखवता का?' म्हटलं की एप्रन घातलेला पोरगा किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतो, भांडं काढतो आणि तुमच्या हातात देतो.

यातलं नवल कळायला आधी संग्रहालयं फिरून यायला हवं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात सगळ्यात वरच्या मजल्यावर हजारो भांडी एकावर एक रचून ठेवलेली आहेत. सगळी काचेआड. ल्युसी री या कुंभारणीचा तर अख्खा स्टुडिओच उचलून तिथे मांडलाय. बघून डोळे निवतात, पण हात रिकामेच राहतात. २०२५ मध्ये याच संग्रहालयाने पूर्व लंडनमधलं आपलं कोठार लोकांसाठी उघडलं. आगाऊ वेळ घेतली की हवी ती वस्तू मागवून जवळून बघता येते. फार चांगलं केलं. तरी तिथे कुणीतरी शेजारी उभं असतंच. गोदामातला पोरगा मात्र वाडगा हातात देऊन फोनवर बोलायला बाहेर निघून जातो.

मी राहते इंग्लंडच्या मध्यावर, मिडलँड्समध्ये, भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहरापासून गाडीने तासाभराच्या आत. इथे मातीच्या भांड्यांचं वेड लागायला फार काही करावं लागत नाही. आमच्या भागातले म्हातारे अजूनही हॉटेलात जेवायला गेले की बशी उलटी करून खालचा शिक्का बघतात. मलाही ती खोड लागली आहे. लोकांकडे हळदीकुंकवाला गेले तरी हात बशीखाली जातो, नवरा डोळे वटारतो.

भांडं उलटं करून बघण्यामागे कारण आहे. झिलई म्हणजे एक प्रकारची काचच; भट्टीत ती वितळते आणि ज्याला टेकेल त्याला चिकटून बसते. म्हणून भांडं जिथे भट्टीच्या फळीवर टेकतं तेवढी कड कुंभार पुसून कोरडी ठेवतो. अंगभर झिलईचा अंगरखा असला तरी बुडाशी माती उघडी पडते. ती माती लोहयुक्त आहे की पांढरी, बारीक आहे की खरखरीत, कड सुरीने सफाईने छाटली आहे की अंगठ्याने घाईत पुसली आहे, जुन्या चिनी मालाला चिकटते तशी वाळू तिथे आहे का, हे सगळं तिथे वाचता येतं. वरचा भाग गिऱ्हाइकासाठी असतो. खालच्या भागात कुंभाराने कुणाची भीड ठेवलेली नसते.

हातात घेण्याचीही रीत आहे. आधी अंगठ्या आणि बांगड्या काढायच्या. कान धरून उचलायचं नाही, काठ धरून तर नाहीच. दोन्ही हात, एक बुडाखाली, आणि कोपरं टेबलावर. मग टिचकी. धड भांडं खणखणीत बोलतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. दलाल लोक याहून पुढचं करतात. नखाएवढा टॉर्च काढून जांभळा प्रकाश पाडतात, त्यात मागाहून केलेली रंगरंगोटी वेगळी चमकते. एक म्हातारे गृहस्थ काठ चक्क दातावर हलकेच घासून बघतात. डागडुजी केलेला भाग दाताला मऊ लागतो म्हणे. मी अजून तिथवर पोचलेले नाही. त्या काठाला सकाळपासून किती दात लागून गेले असतील हा विचार मला आवरत नाही.

ल्युसी रीचा वाडगा मी पहिल्यांदा हातात घेतला तो असाच. उंची जेमतेम ओंजळीएवढी, खाली अंगठीसारखी निमुळती बैठक, तिच्यावर एकदम उमललेलं तोंड. पांढरी झिलई, आणि काठावर मँगनीजचा तपकिरी रंग लावलेला. तो भट्टीत वितळून पांढऱ्यात थोडा ओघळला होता. आपण वजनाची तयारी करून उचलायला जातो आणि हात वर उडतो, इतका तो हलका. स्टोनवेअर, म्हणजे कडक आचेवर दगडासारखी भाजलेली माती, एवढं पातळ असेल असं वाटतच नाही. बोट आतून फिरवलं की चाकावरच्या वर्तुळांच्या बारीक वळ्या लागतात. काचेबाहेरून त्या दिसतात, पण त्या एकाच दाबाने खालून वरपर्यंत गेल्या आहेत, मध्ये कुठेही हात अडखळलेला नाही, हे डोळ्यांना कळत नाही. बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा 'एलआर' असा ठसा. छापील किंमत माझ्या गाडीहून जास्त होती. पोरगा बाहेर फोनवर कुणाला तरी फुटबॉलचा स्कोअर सांगत होता.

ल्युसीबाई व्हिएन्नाच्या. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. लंडनच्या हाइड पार्कजवळ आल्बिअन म्यूज नावाच्या गल्लीत त्यांनी चाक मांडलं ते थेट म्हातारपणापर्यंत. युद्धाच्या काळात भांडी कोण घेणार? म्हणून त्यांनी फॅशनच्या कपड्यांसाठी चिनी मातीची बटणं केली. १९४६ मध्ये हान्स कोपर नावाचा एक तरुण काम मागायला आला, तोही जर्मनीतून पळून आलेला निर्वासित. त्याला मातीतलं काही येत नव्हतं. साच्यात माती दाबून बटणं काढायला म्हणून ठेवलेला हा माणूस पुढे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या कुंभारांपैकी एक झाला. चाकावर वेगवेगळे भाग घडवायचे, ते एकमेकांत बसवायचे, वर मातीच्या लेपाचे थर द्यायचे, घासायचे, अशी त्याची कामाची पद्धत. त्याची भांडी लिलावात माझ्यासारखीने नुसती दुरून नमस्कार करावा अशी आहेत. पण कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये वेदीजवळ त्याने केलेल्या सहा उंच मेणबत्तीदाण्या उभ्या आहेत. पाहुणे आले की मी त्यांना तिकडे नेते. बहुतेकांना त्या धातूच्या वाटतात.

या मंडळींच्या आधीचा मोठा माणूस म्हणजे बर्नार्ड लीच. जन्म हाँगकाँगचा, १८८७ चा. जपानात माती शिकून १९२० मध्ये शोजी हामादा या मित्राला घेऊन ते कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला आले आणि तिथे चाक मांडलं. एकट्या कुंभाराने आपल्या नावाने, आपल्या हाताने भांडी करायची, कारखान्यासाठी नाही, या इंग्लंडमधल्या चळवळीचा झरा तिथून निघाला असं मानतात. लीचना ल्युसीबाईंची भांडी फार पातळ वाटायची. मला लीचची भांडी कधीकधी फार उपदेशक वाटतात. पण सेंट आइव्हजच्या कारखान्यात रोजच्या वापरासाठी घडवलेले मग, सुपाचे वाडगे, झाकणाची भांडी हा जो साधा माल होता, तो मला मनापासून आवडतो. तो अजूनही लिलावात चार माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाच्या खर्चात मिळून जातो. आमच्या घरी त्यातल्या एका वाडग्यात मी आमटी वाढते. काठाशी झिलई विरळ होऊन गंजाच्या रंगावर गेली आहे, तिथे ओठ बरोबर बसतो.

लीचच्या नावाने झालेली एक गंमत इथल्या लिलावाच्या जगात अजून चघळली जाते. १९८० च्या सुमारास लंडनच्या नामांकित लिलावघरांत लीचची भांडी येऊ लागली. ठसा बरोबर, झिलई बरोबर, तज्ज्ञांनी पारखून घेतलेली, चांगल्या किमतीला गेलेली. मागाहून उघड झालं की ती स्टॅफर्डशरमधल्या फेदरस्टोन तुरुंगात बनली होती. कैद्यांच्या सुधारणेसाठी तिथे मातीकामाचा वर्ग होता, आणि दोघाचौघांनी त्यात भलतीच प्रगती केली होती. मला या गोष्टीत कैद्यांपेक्षा त्या वर्गावरच्या मास्तरांबद्दल कुतूहल आहे. एखादा विद्यार्थी इतका मन लावून काम करतोय हे बघून त्यांना केवढं समाधान वाटलं असेल! पण त्या प्रकरणाने एक केलं. नुसता ठसा बघून भांडं घेणाऱ्यांचा आत्मविश्वास मोडला. ठसा उठवायला साचा पुरतो, मातीचा पोत आणि बुडाची कड इतक्या सहज उठवता येत नाही. हामादाने तर जपानला परतल्यावर भांड्यावर ठसा मारणंच सोडलं. त्याच्या भांड्याबरोबर लाकडी खोकं येतं, त्या खोक्यावर त्याची सही असते. आता लिलावात खोकं असेल तर किंमत एक आणि नसेल तर वेगळीच. भांडं तेच.

किमतीचं म्हणाल तर नवख्याला आधी फटका बसतो तो हिशोबाचा. हातोडा शंभर पौंडांवर पडला म्हणजे शंभर द्यायचे असं नाही. त्यावर लिलावघराचं 'प्रीमियम', म्हणजे घेणाऱ्याकडून घेतलं जाणारं कमिशन, हल्ली पंचवीस टक्के सर्रास आहे, काही ठिकाणी त्याहून जास्त. त्या पंचवीसवर वीस टक्के व्हॅट. झाले एकशेतीस. घरबसल्या इंटरनेटवरून बोली लावली तर ती वेबसाइट वर पाचेक टक्के आणि त्यावरचा व्हॅट घेते, म्हणजे जवळपास एकशेछत्तीस. मग खोक्यात नीट बांधून पाठवायचा खर्च वेगळा. तो लिलावघर करत नाही, गावातल्या एखाद्या पॅकिंगवाल्याचा नंबर हातावर ठेवतं. मी दहा पौंडांचा मग आणि चाळीस पौंडांचं पार्सल असा व्यवहार केलेल्या माणसांना ओळखते. यातली एकच आकारणी मी आनंदाने देईन. हजार पौंडांच्या वर गेलेल्या कामावर ब्रिटनमध्ये कलावंताला, किंवा तो गेल्यावर सत्तर वर्षं त्याच्या वारसांना, एक वाटा मिळतो. पन्नास हजारांपर्यंत चार टक्के. कुंभाराने तरुणपणी चार पैशांत विकलेलं भांडं पुढे चार हातांतून फिरत महाग होतं, त्यातलं काही त्याच्या घरी जातं. तशी वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, हा भाग निराळा.

पेपरात येतात त्या गोष्टी वेगळ्याच. २०१० मध्ये लंडनच्या पिनर उपनगरातल्या एका मृत व्यक्तीच्या घरातून निघालेली चिनी फुलदाणी राइस्लिपच्या छोट्या लिलावघरात आली. चियेनलुंग बादशहाच्या काळातली, अंदाज आठ ते बारा लाख पौंड. बोली चढत चढत चार कोटी तीस लाखांवर गेली. सगळ्या जगात बातमी. फक्त ज्याने बोली लावली त्याने पैसे दिलेच नाहीत. दोनेक वर्षांनी ती फुलदाणी दुसऱ्याच कुणाला, कितीतरी कमी किमतीत, खाजगीत विकली गेली. अशा बातम्या आल्या की आमच्या गावच्या लिलावघरात पुढचे दोन महिने लोक माळ्यावरच्या चिनी फुलदाण्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात, आणि काउंटरवरची बाई बिचारी एकेकाला हळुवारपणे सांगते की ही १९६० नंतरची आहे.

२०१४ मधली हाँगकाँगची बातमी मात्र मला मनापासून आवडली होती. मिंग काळातला, छंगह्वा बादशहाच्या कारकिर्दीतला, कोंबडा-कोंबडी आणि पिलं रंगवलेला इवलासा पेला. व्यास आठ सेंटिमीटरच्या आसपास. शांघायच्या ल्यू यीछ्येन या अब्जाधीशाने तो २८ कोटी हाँगकाँग डॉलरना घेतला, पैसे क्रेडिट कार्ड चोवीस वेळा घासून भरले, आणि तिथल्या तिथे त्यात चहा ओतून प्यायला. फोटो निघाला, चीनमध्ये गदारोळ झाला. नवश्रीमंताचा माज, संस्कृतीचा अपमान, वगैरे. मला त्या माणसाच्या बाकी कारभाराशी देणंघेणं नाही, पण या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो काठ ओठांसाठीच एवढा पातळ ओढला होता. तिजोरीत ठेवला असता तर त्याची वाहवा झाली असती.

तिजोरीवाले संग्राहक असतात आणि वेकफील्डच्या डब्ल्यू. ए. इस्मे यांच्यासारखेही असतात. मला या माणसाबद्दल कितीही बोललं तरी पुरत नाही. जन्म १९१०. व्यवसायाने ग्रंथपाल, म्हणजे पगार बेताचा. घर यॉर्कशरमधल्या चाळवजा रांगेतलं, लहानसं. १९५५ मध्ये त्यांनी भांडी जमवायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये वारले तेव्हा त्या घरात पाचशेहून अधिक कुंभारांची तीन हजार सहाशेच्या आसपास भांडी होती. पुस्तकांच्या फळ्यांवर, जिन्यात, खुर्च्यांवर, जमिनीवर. त्या खोल्यांचे फोटो आहेत. बसायला एक जागा मोकळी दिसते आणि तिच्याकडे जायला एक पायवाट. ते लिलावात कमी आणि कुंभारांकडून जास्त घ्यायचे, तेही नाव झालेल्यांकडूनच नाही, कालपरवा शाळेतून निघालेल्या पोरांकडूनही. त्यामुळे झालं असं की लीच, री, कोपर यांच्या शेजारी आज कुणाला आठवत नाहीत अशा कितीतरी माणसांची कामं शिल्लक राहिली. बाजाराने निवडलेल्या कुठल्याही संग्रहात ती आली नसती. त्यांनी सगळं यॉर्कच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. आज यॉर्क आर्ट गॅलरीत २०१५ मध्ये उघडलेल्या मातीकामाच्या दालनात त्यातलं बरंच काही बघायला मिळतं. काचेआड, अर्थात. एवढं एकच मला लागतं.

बाकीच्यांचं मात्र शेवटी गोदामातच येतं. इथे लिलाववाले म्हणतात की माल तीन वाटांनी येतो: मरण, घटस्फोट आणि कर्ज. आदल्या दिवशी टेबलांवरून फिरताना हे विसरायला होत नाही. केळ्यांच्या खोक्यात अर्धा टी-सेट, त्याच्या खाली कुणीतरी जपून ठेवलेली पावती, कापसात गुंडाळलेलं तुटलेलं झाकण, आज ना उद्या चिकटवू म्हणून ठेवलेलं. एखाद्या बशीच्या बुडाला अजून जुन्या लिलावाचा गोल कागद चिकटलेला असतो. १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात बुडालेल्या डच जहाजातला माल मायकल हॅचर या पाणबुड्याने १९८५ मध्ये वर काढला आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला विकला. दीड लाखांच्या वर भांडी होती. त्यातल्या बश्या आजही गावोगावच्या लिलावात दिसतात आणि तो कागद कुणी काढत नाही, कारण कागद हाच पुरावा. जहाजाचा पुरातत्त्वीय अभ्यास न करता ते ओरबाडलं म्हणून अभ्यासक तेव्हा फार चिडले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. सव्वादोनशे वर्षं समुद्राच्या तळाशी राहिलेली बशी मी हातात घेतली तेव्हा झिलई किंचित खरबरीत लागली, इतकंच. चीड यायला हवी होती, पण आधी बोटं फिरली.

संस्थांचीही मरणं असतात. वेजवुड हे मातीच्या धंद्यातलं इंग्लंडचं सगळ्यात मोठं नाव. २००९ मध्ये कंपनी बुडाली. बारलास्टनच्या त्यांच्या संग्रहालयाचा न्यास वेगळा होता, पण पेन्शन योजना एकच, आणि कायदा असा की योजनेतली जी संस्था तगून राहील तिच्या डोक्यावर सगळ्यांचं देणं. संग्रहालयाचे त्या योजनेत होते पाच कर्मचारी आणि देणं आलं तेरा कोटी चाळीस लाख पौंडांचं. कोर्टाने सांगितलं, देणं फेडायला संग्रह विकता येईल. अडीचशे वर्षांचे नमुने, प्रयोगांचे तुकडे, वह्या, सगळं हातोड्याखाली जायचं होतं. २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि मोठ्या देणग्यांतून दीड कोटीच्या वर पौंड जमले आणि ते वाचलं. तेव्हा मी पण फूल ना फुलाची पाकळी दिली. लिलाव बघायला जाणारी बाई लिलाव थांबवायला पैसे देते याची घरी खूप चेष्टा झाली.

आता मुंबईचं. स्टोकच्या बर्सलेम भागात एका कारखान्यात जॉन लॉकवुड किपलिंग हा तरुण नक्षीकाम करायचा. तिथून जवळच्या रडयार्ड नावाच्या तळ्यावर सहलीला गेलेला असताना त्याला ॲलिस भेटली. १८६५ मध्ये लग्न करून दोघं मुंबईला आली, त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकलेची नोकरी मिळाली होती. त्याच वर्षी तिथे मुलगा झाला, त्याला तळ्याचं नाव ठेवलं. मुलगा पुढे लेखक म्हणून गाजला, ते सोडा. मला त्यातला बर्सलेम ते जे. जे. हा रस्ता महत्त्वाचा वाटतो. त्याच जे. जे.मध्ये जॉर्ज विल्किन्स टेरी नावाचे शिक्षक १८५७ पासून चित्रकला शिकवत होते, आणि १८७० च्या दशकात त्यांनी तिथे मातीकाम सुरू केलं. सिंधमधल्या कुंभारांची झिलईची विद्या आणली. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायला. ती कमळं, ते हंस, ती माणसं मुंबईच्या फुलदाण्यांवर उतरली. माल युरोपातल्या प्रदर्शनांत गेला, साहेब लोकांनी तो घरी नेला. कॅनव्हासवरच्या नकलांपैकी बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. भांडी मात्र इंग्लंडच्या बैठकीच्या खोल्यांमधून अजून निघतात. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात या कामाचे चांगले नमुने आहेत. राणीच्या बागेत जाणारे लोक शेजारच्या त्या दारात फारसे शिरत नाहीत, शिरायला हवं.

तर अशाच एका आदल्या दिवशी, खालच्या फळीवर, पितळी घंटा आणि जपानी चहादाणी यांच्यामध्ये, एक फुलदाणी होती. वीतभर उंच, पोट फुगीर, मान आखूड. लालसर मातीवर पांढरट लेप, त्यावर तपकिरी रेघांनी कमळांची वेल आणि तिच्यातून चाललेले हंस, वरून मधाच्या रंगाची झिलई. एका हंसाची मान कारागिराने आधी छोटी काढली होती आणि मग त्याच रेघेवरून वाढवली होती. बोट फिरवलं की तिथे दोन रेघा लागायच्या. काठाला दोन टवके. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं, 'पर्शियन धाटणीची फुलदाणी, एकोणिसावं शतक, सदोष'. मी उलटी केली. बुडाला लॉट नंबरचा कागद चिकटवलेला, आणि कागदाच्या कडेखालून ओल्या मातीत कोरलेल्या इंग्रजी अक्षरांचं टोक दिसत होतं. 'बॉम्' एवढं वाचता येत होतं. लिलावघराने आपल्या हाताने चिकटवला होता तो कागद.

सांगावं का? या प्रश्नावर संग्राहकांत दोन तट आहेत आणि जेवणं थंड होईपर्यंत वाद चालतात. एक म्हणतो, विकणाऱ्याने माहिती काढायची, ते त्याचं काम, त्यासाठी तो दोन्हीकडून पैसे घेतो. दुसरा म्हणतो, ज्या म्हातारीच्या घरातून हे आलं तिच्या मुलांचं नुकसान होतं, लिलावघराचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं वजनदार आहे हे मला मान्य आहे. पण मी सांगितलं नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत कुणीतरी, ज्याचं नाव भांड्यावर नाही आणि शाळेचं तेवढं आहे, तो हंस दुरुस्त केला होता, आणि ती दुरुस्ती या खोलीत माझ्याशिवाय कुणाच्या बोटाला लागली नव्हती. हा युक्तिवाद नाही, मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी खोलीतच जाऊन बसले, कारण इंटरनेटचे पाच टक्के कशाला द्यायचे. लिलाव पुकारणाऱ्याने घाईत तीसपासून सुरुवात केली, मागच्या रांगेतल्या एका बाईंनी थोडं ताणलं, मग त्यांनी मान हलवली. एकूण खर्च नवऱ्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, 'टवक्यांसकट?'

घरी आणल्यावर मी ती कपाटात ठेवली नाही. येईल त्याच्या हातात देते. पुण्याहून आलेल्या भाच्याला आधी सोफ्यावर बसवलं, मांडीत उशी दिली, मग दिली. दोन्ही रेघा त्याला लगेच सापडल्या. नवरा तेवढा वेळ खोलीबाहेर जाऊन थांबतो.

यंदा गौरींना तिच्यात फुलं ठेवायची ठरवली. पण ही कमी आचेवर भाजलेली माती, आणि आतून झिलई सगळीकडे धड लागलेली नाही. पाणी भरून ताटलीवर ठेवली तर सकाळी ताटलीत ओल. शेवटी आत स्टीलचा पेला बसवला आणि त्यात शेवंती लावली. व्हिडिओ कॉलवर कोल्हापूरच्या मावशीला दाखवलं, जे. जे., अजिंठा, टेरीसाहेब, सगळं सांगितलं. तिने चष्मा वर सारून नीट पाहिलं.

"म्हणजे पाणी झिरपतं ना गं?"

"हो."

"मग उन्हाळ्यात पाणी गार करायला वापर की."